कुलूप होतं

सुमंगलाने हाताला लागलेलं उडदाचं पीठ पदराला पुसलं आणि कोर्टाचा शिपाई दाखवील तिथे सही केली. पेन चालेना. शिपायाने ते दोनदा झटकलं आणि परत तिच्या हातात दिलं.

"गुरवारी धा वाजता," तो म्हणाला. "मॅजिस्ट्रेटापुढे जबानी."

"काय सांगूचा?"

"पोलिसांका सांगितलात ताच. खोलयेक कुलूप होता. दुसरा काय?"

शेजारची विनोदिनी मधल्या दगडी गडग्याला टेकून उभी होतीच. गडगा कमरेएवढा, पण तिचे कान कधीच अलीकडे येऊन पोचलेले.

"भियाचा नाय गो वयनी," ती म्हणाली. "मी तर टीव्हीवाल्यांका सांगून मोकळी झालंय. ह्या डोळ्यांनी बघितलंय कुलूप. ह्या एवढा!"

तिने मूठ वळून दाखवली. कुलूप खरं तर लिंबाएवढं होतं. दोन महिन्यांत ते वाढत वाढत इथवर आलं होतं.

सुमंगला कागद घेऊन आत गेली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभी राहिली. गुरुवारी जबानी. सोमवारी शालिनीची दुसरी सही. गोव्यात लग्नाआधी सरकारदरबारी दोन सह्या कराव्या लागतात. पहिली झाली की नावं फळ्यावर लावतात, कोणाची हरकत असली तर कळावी म्हणून, आणि पंधरा दिवसांनी दुसरी. ती झाली म्हणजे लग्न झालंच, मांडव-अक्षता मागाहून. सासर पेडण्याचं, माणसं शिकलेली, मुलगा पणजीला सरकारी नोकरीत. खाण बंद पडल्यापासून ट्रकवाल्याच्या पोरीला विचारायला कोण येतंय? चार जागांहून नकार आल्यावर हे एक जुळलेलं होतं.

आणि गुरुवारी सुमंगला काय बोलते यावर ते टिकणार होतं की मोडणार होतं. कारण खोलीला कुलूप होतं हे खरं, पण ते तिनेच घातलं होतं, आणि ज्याला अख्खं गाव खुनी म्हणत होतं तो माणूस त्या कुलपाच्या आत होता.

त्याचं नाव चिडी. नायजेरियाचा. तीन वर्षांपूर्वी गावच्या फुटबॉल टीमने त्याला आणला, आणि पहिल्याच मोसमात त्याने फायनलला दोन गोल मारले. त्या दिवशी पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानापासून देवळापर्यंत नाचवत नेला. देवळाच्या पायरीशी मात्र खाली उतरवला. नारळ फोडायला बाकीचे आत गेले, तो बाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसला. पण चिडीचा चिदू झाला तो तेव्हाच. केस कापायच्या दुकानात त्याचा हा मोठा फोटो लागला. मयेच्या तळ्यावर गेला तर पर्यटक राहिले बाजूला, आपलीच माणसं त्याच्यासोबत फोटो काढायला रांग लावायची.

एवढं प्रेम, पण त्याला खोली द्यायची वेळ आली तेव्हा गावातल्या सगळ्या खोल्या कशा कोण जाणे भरलेल्या निघाल्या. सुमंगलाचा नवरा गोकुळदास याच्या अंगणात तीन ट्रक गंजत उभे होते आणि ड्रायव्हरांची खोली रिकामी होती. सुमंगलाने ती दिली. पाव घेऊन पोदेर यायचा तेव्हा चिडीचे चार पाव ती आपल्यासोबतच घ्यायची. त्याला ताट वेगळं होतं, पेला वेगळा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण वाढताना हात आखडता नव्हता. तो तिला माई म्हणायचा. माशाच्या आमटीला "माई, फायर!" म्हणून डोळे पुसायचा आणि पुन्हा वाटी पुढे करायचा.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी टीमचा अध्यक्ष बाबली मैदानामागच्या खोपीपाशी मरून पडलेला सापडला. कोणीतरी डोक्यात दगड घातला होता. चार ते पाचच्या दरम्यान झालं असावं, असं डॉक्टर म्हणाले. दोनच दिवस आधी बाबलीचं आणि चिडीचं सगळ्यांसमोर वाजलं होतं, कारण चिडी पुढच्या मोसमात दुसऱ्या गावच्या टीमकडे जाणार होता. आता बाबलीशी वाजलं नाही असा माणूस गावात दिवा घेऊन शोधावा लागला असता. भाऊबंद होते, खाणीवरचे जुने हिशेब होते. पण त्यांतलं कोणी काळं नव्हतं.

एका रात्रीत चिदूचा 'तो काळो' झाला. केस कापणाऱ्याने फोटो नुसता काढला नाही, फाडून रस्त्यावर टाकला, लोकांनी बघावा म्हणून. ज्यांनी खांद्यावर घेतलं होतं तेच छातीवर हात मारून सांगू लागले, "मी पयल्यापासून सांगी होतंय." मागे कधी रेफरीवर ओरडतानाचा त्याचा व्हिडिओ कोणीतरी शोधून काढला आणि तो डिचोली बाजारात फोनाफोनांवर फिरला. त्यात तो नुसता ओरडत होता, पण आता बघणाऱ्याला त्याच्या हातात दगडही दिसायचा.

त्या रविवारी शालिनीला बघायला पेडण्याची माणसं यायची होती. मध्यस्थाने आदल्या दिवशीच बजावलं होतं, "पेडण्याचे लोक समुद्राकडचे, फॉरेनरांका बघून बघून विटलेले. घरात तरणाटी चली आणि वाड्यात काळो माणूस, ह्या त्यांका दिसता नये. काय ता तुमी बघा."

चिडीला बाहेर पाठवावं तर तो रस्त्यावर दिसला की दहा पोरं मागे, आणि ती वरात घेऊन तो फिरून इथेच येणार. घरातच राहा म्हणावं तर विसरून नळावर येईल, मोठ्याने गाणं म्हणेल. सुमंगलाने अडीच वाजता त्याचं ताट, पाण्याच्या दोन बाटल्या आणि शिऱ्याची वाटी खोलीत नेऊन ठेवली आणि हातवारे करून समजावलं. पाहुणे. शालिनी. लग्न. आणि मग चेहऱ्यावर कसंनुसं हसू आणून तिने त्याला कुलूप दाखवलं.

चिडी क्षणभर कुलपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नो प्रॉब्लेम, माई. मी स्लीप."

तिने कडी घातली, कुलूप लावलं, चावी कमरेला खोचली. सहा वाजता पाहुणे गेल्यावर उघडलं तेव्हा तो खाटेवर उठून बसला आणि पोरीचं जमलं का तेच पहिलं विचारलं, "चली पास?"

"पास," ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

साडेसहाला बाबलीची बातमी आली. आठ वाजता पोलीस. अंगणात सगळा वाडा जमलेला. साहेबाने विचारलं, दुपारी हा कुठे होता? विनोदिनी पुढे होऊन म्हणाली, खोलीला कुलूप होतं, म्हणजे हा बाहेरच होता, आम्ही सगळ्यांनी बघितलं. साहेब सुमंगलाकडे वळला.

"होतं कुलूप?"

"होता."

तिला वाटलं, आता पुढचा प्रश्न येईल. कोणी घातलं? पण तो आलाच नाही. चिडी जीपपाशी उभा राहून ओरडला, "माई लॉक! माई लॉक मी!" तेव्हा साहेबाने मान वर केली, आणि ती तोंड उघडणार एवढ्यात गोकुळदासच बोलला.

"कोण आपल्या भाडेकऱ्याक कोंडून घालता, साहेबांनू?"

लोक हसले. साहेबही हसला. चिदूला, ज्याला अख्ख्या गावाने डोक्यावर घेतलं त्याला, कोणी खोलीत कोंडेल हे कोणाला खरं वाटणार? मग कोणीतरी ओरडलं, "खाल्लेल्या घरार उलाटता काय रे!" आणि हसू थांबलं. पहिली थप्पड पोलिसाने मारली नाही. सुमंगला तोंड उघडं तसंच ठेवून उभी होती. ती बोलली नाही, आणि न बोलणं हेच तिचं बोलणं धरलं गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते तिच्या दारात झालं, आणि दोर तिच्या हातचा होता.

त्यानंतर घरात कोणी कोणाशी धड बोलेना. गोकुळदास मैदानाकडे फिरकायचा बंद झाला. सुमंगला त्याच्याकडे बघायची तेव्हा तिला वाटायचं, हा आपल्यावर नजर ठेवून आहे. आणि तो खरंच ठेवून होता. ती फोनवर बोलू लागली की तो पाण्याचं निमित्त काढून आत यायचा. शालिनीला किती कळलं आहे हेही कळेना. चावी तिने पाहिली होती का? डिचोलीच्या औषधाच्या दुकानात ती कामाला जायची, तिथे लोक काय बोलतात ते घरी सांगत नसे. विनोदिनी रोज उकरून उकरून विचारायची, "वयनी, तो आत हसलो-बोललो कधी? तुमका भय नाय दिसला?" सुमंगलाला वाटे, हिला ठाऊक असेल काय? गडग्यावरून हिला काय दिसलं नाही आजवर?

एकदा तर तिने चिडीवरच संशय घेऊन पाहिला. पोलिसांनी दाराला सील लावलं होतं, म्हणून ती मागून गेली आणि खिडकीचे गज एकेक करून हलवून बघितले. एखादा तरी ढिला निघावा. निघाला असता तर तिने देवाला नारळ दिला असता. पाच गज होते, पाचही घट्ट. ती तिथेच खाली बसली आणि स्वतःचीच तिला किळस आली.

समन्स आलं त्या रात्री जेवताना तिने नवऱ्याला म्हटलं, "मी खरा सांगतलंय."

गोकुळदासने घास खाली ठेवला. "सांग. आणि सोमवारी तुझ्या चलयेक घेवन घरात बस. ते लोक म्हणतले, लग्न जमवक माणसाक कोंडून घालणारी बाय, आनी काय काय लपयता देव जाणे."

"तो फासार जायत तर?"

"जायना. तेचो वकील आसा. विचारतले तेवढाच सांग. तू खोटा खय बोलतंस? कुलूप होता म्हणजे होताच."

तो अडला नाही की चिडलाही नाही. पाठ करून ठेवल्यासारखं बोलला.

बुधवारी सकाळी गोकुळदास ट्रकाचे टायर विकायला म्हापशाला गेला, आणि तासाभरात कृष्णनाथ मास्तर दारात हजर. शालिनीचे होणारे सासरे. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरा शर्ट, खिशाला पेन. एकटेच आले होते, बरोबर केळ्यांचा घड. तिने पंखा लावला, पाणी दिलं. व्याह्यांशी बोलताना ती शाळेतलं मराठी काढायची, ते आज तोंडात अडखळत होतं.

"उद्या तुमची जबानी आहे असं कळलं," मास्तर म्हणाले. "म्हटलं, जाऊन यावं. कोर्टाची पायरी म्हणजे बायामाणसाला धास्ती वाटते."

"वाटते."

"घाबरायचं काही नाही, विहीणबाई. आधी सांगितलंय त्याच्या पलीकडे जायचं नाही. एक शब्द वाढला की वकील त्याचे दहा करतात."

आत शालिनी चहा करत होती. ती आज कामावर गेली नव्हती. कप लागल्याचा आवाज झाला आणि थांबला. सुमंगलाने दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. हाच माणूस. याच्याचसाठी तिने तोंड शिवून घेतलं होतं. मग उद्या भलत्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आजच कळू दे.

"मास्तर, तुम्हाला आधी सांगते. मग सोमवारचं तुम्ही ठरवा." तिचा आवाज तिलाच परका लागला. "तो आत होता. तुम्ही आलात तेव्हा तो खोलीत होता. कुलूप मी घातलेलं, तुम्हाला दिसू नये म्हणून."

बोलून झालं. तिने डोळे मिटून घेतले. आता उठतील, चपला घालतील.

कृष्णनाथ मास्तर उठले नाहीत. त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

सुमंगलाने डोळे उघडले.

"खाणं झाल्यावर मी हात धुवायला मागच्या नळावर गेलो होतो. त्या खोलीची खिडकी तिथेच आहे ना. बघतो तर गजांपलीकडे हा एवढा मोठा माणूस. मी दचकलोच. त्याने मला पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. असं." मास्तरांनी करून दाखवलं. "आणि हसला."

बाहेरून खाणीकडचा एकुलता एक ट्रक खडखडत गेला. तो दूर जाईपर्यंत मास्तर थांबले.

"घरी जाऊन मी मंडळींना म्हटलं, ही माणसं घराची अब्रू जपणारी आहेत. कुठे काय झाकायचं ते यांना कळतं. अशाच घरातली मुलगी आपल्याला हवी. खरं सांगतो, माझं मन तिथेच बसलं."

पहिल्यांदा सुमंगलाला हलकं वाटलं. अंगावरची धोंड कोणी उचलून बाजूला ठेवावी तसं. म्हणजे लग्न मोडत नाही! म्हणजे यांना सगळं माहीत असूनही! ती हसणारच होती. मग तिला ते बोट दिसलं. तिने कोंडलेल्या माणसाने, तिच्या पोरीचं लग्न जमावं म्हणून, आपल्याच ओठांवर ठेवलेलं बोट. आणि ते बघून हा शिकलेला माणूस दोन महिने पेडण्याला पेपर वाचत बसला होता.

"किती वाजले होते?" तिने विचारलं.

"साडेचार." मास्तरांनी सवयीने मनगटाकडे बघितलं. "परतीची गाडी चुकू नये म्हणून घड्याळ बघितलं ना मी, तेव्हाच."

"साडेचार."

"हो. म्हणजे..." ते थबकले. "हे बघा, तो काही आपल्यापैकी नाही. त्याचा देश आहे, त्याची वकिलात आहे, ते बघतील. आपण कशाला मधे पडायचं? तुम्ही गप्प, आम्ही गप्प. आता दोन्ही घरं एकच झाली."

"मास्तर, दोन महिने माझा जीव थाऱ्यावर नाय," सुमंगला म्हणाली. शाळेतलं मराठी कुठच्या कुठे गेलं. "माका एकच भय होता. मी खरा सांगितलंय तरी माझ्या एकटेच्या बोलण्याक कोण विचारता? म्हणतले, काळ्यान हिका काय खावक घातल्यान की काय. गावची माणसां माका वेडी ठरयतली. पण तुमी बघितलात. तुमी मास्तर. तुमका घड्याळ ठावक आसा."

"विहीणबाई..."

"आता साक्षीक दोगां जाली."

कृष्णनाथ मास्तरांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच राहिला. "सोमवारी सही आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याचा विचार करा. मुलीचा विचार करा. मला साक्षीला उभं केलंत तर मग हे घर आणि ते घर..."

सुमंगलाला रडू आलं ते तिने आवरलं नाही. पोरीचं वाटोळं आपण आपल्या हाताने करतोय, आणि न करावं तर कसं तोंड दाखवू, दोन्ही एकदमच खरं होतं.

पडदा बाजूला झाला. शालिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती बराच वेळ तशी उभी असावी, कारण चहावर साय धरली होती. तिने ट्रे मेजावर ठेवला, आईच्या खांद्यावर हात टेकला आणि मास्तरांकडे सरळ बघितलं. नोव्हेंबरात याच खुर्चीत बसून ते म्हणाले होते, मुलगी शांत आहे, आम्हाला शांतच हवी.

"आम्ही उद्या साडेआठच्या बसने निघतो," ती म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "तुम्ही पेडण्याहून परस्पर कोर्टात याल, की इथे येऊन आमच्याबरोबर?"

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे. मग त्यांनी कप उचलला, न पिताच खाली ठेवला. शालिनी उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली.